इकडे नाही ते तिकडे नको

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगते. जास्त खोलात गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत झोप दिसायला लागते, आणि दुसऱ्याची झोप मला बघवत नाही, कारण माझी मला मिळत नाही. पण इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

शहराच्या पाणीपुरवठ्याची दोन मोठी युनिक्स मशीनं, म्हणजे कपाटाएवढे कॉम्प्युटर, आहेत. कुठल्या भागाला पाणी कधी सोडायचं, कुठला पंप कधी चालू करायचा, सगळं त्यांच्यावर. एक आमच्या कचेरीच्या तळमजल्यावर, दुसरं नदीपलीकडे, पंपघराच्या आवारात. इकडचं बंद पडलं तर पलीकडच्याने तेच काम तसंच्या तसं उचलायचं. मी इकडच्याला थोरली म्हणते आणि पलीकडच्याला धाकटी. दोघी सारख्या राहिल्या पाहिजेत, हे बघणं माझं काम. नवा पॅच आला, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला लावायचं ठिगळच म्हणा ना, की तो आधी थोरलीला लावायचा, ती धड चालते का बघायचं, मग तोच पॅच आणि तीच सेटिंगं धाकटीवर न्यायची. नेऊन झालं की तुलना. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवलाय. काही वेगळं दिसलं तर तो ओळीओळीने सांगतो. सगळं जुळलं तर माझ्या फोनवर संध्याकाळी "फरक नाही" एवढाच मेसेज येतो. लोकांना काय काय मेसेज येतात, मला हा येतो.

धाकटीची देखभाल पोपट करतो. हे नाव मीच ठेवलं. सकाळी फोन केला तरी आदल्या दिवशीच्या मॅचपासून बसकंडक्टरच्या मिशीपर्यंत सगळं सांगितल्याशिवाय हा बाबा फोन ठेवायचा नाही. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. बायको मूल होताना गेली, तेव्हापासून मुलीला एकट्याने वाढवतोय. मुलगी सहा-सात वर्षांची, तिला सगळे ठकी म्हणतात. शाळा सुटली की ती पंपघरात येऊन बसते आणि चित्रं काढते. ती चित्रं पोपट धाकटीच्या कपाटाला चिकटवतो. मला ती "आत्या" म्हणते, मला न विचारता, पहिल्याच भेटीपासून. ह्या पोरीवर माझा जीव आहे. हे मी पोपटाला कधी सांगितलं नाही, उगाच शेफारेल.

पोपटाची एक खोड होती. धाकटीवर तो स्वतःचं काहीबाही ठेवायचा. कुठे एखादं गाणं, कुठे ठकीचा फोटो. मशीनमध्ये शिरलं की "या, बसा, चहा घेणार?" असं अक्षरांत उमटायचं. माझ्या तुलनेत ह्या सगळ्या जास्तीच्या ओळी यायच्या. मी दर वेळी झापायची, तो दर वेळी "सॉरी ताई" म्हणायचा, आणि ये रे माझ्या मागल्या. मी चालवून घेत होते. मशीनला काय, त्याने पाणी थोडंच गढूळ होणार होतं.

मग आमच्या साहेबांना तपासणीचं खूळ लागलं. "मला दोन्ही तंतोतंत हवीत. एक ओळसुद्धा इकडची तिकडे नको." आदली रात्र अप्पांनी खोकून काढली होती. अप्पा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत, आणि घरात आम्ही दोघंच. माझ्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. त्या दुपारी मी कधी न केलेली गोष्ट केली. कॉपी करताना एक पर्याय असतो: जे इकडे नाही ते तिकडे असेल तर पुसून टाक. तो मी चालू केला. आणि ज्या गोष्टी नेहमी वगळायच्या, प्रत्येकीचं नाव, तिचा पत्ता, तिची ओळख, त्या वगळायला विसरले. नुसते पॅच आणि सेटिंगं नेण्याऐवजी मी मुळापासून सगळंच न्यायला सांगितलं, तेही रोज आपोआप व्हायचं काम म्हणून. आमच्या धंद्यात असली चूक कुणी दुसऱ्याने केली असती तर मी त्याची सालटी काढली असती.

संध्याकाळी पोपटाचा फोन आला. "ताई, धाकटी स्वतःला थोरली म्हणायला लागलीय."

दोघंही हसलो. मग मी हसायची थांबले: दोन मशीनं एकच नाव सांगायला लागली तर पंपांनी ऐकायचं कुणाचं? ताबडतोब त्याला सांगून नाव परत घातलं, पत्ता परत घातला. ते रोजचं काम मी थोरलीवरून काढून टाकलं. तुलनाही बंद केली. म्हटलं, आता शुद्धीत असेन तेव्हाच हात लावीन. पोपट म्हणाला, "माझं 'या, बसा' पण गेलं हो." मी म्हटलं, बरं झालं.

दुसऱ्या संध्याकाळी फोनवर मेसेज आला. फरक नाही.

मला वाटलं, रेंगाळलेला जुना मेसेज असेल. तिसऱ्या दिवशीही आला. थोरलीत जाऊन बघितलं, तर तुलनेचं काम यादीत नव्हतंच. मी ते काढलं होतं ना. कोण पाठवत होतं मग? मशीनकडे त्याची कुठेही नोंद नव्हती. मी चहा प्यायले आणि घरी गेले. थकलेल्या माणसाला भुताचीसुद्धा भीती वाटत नाही, आधी झोप पाहिजे असते.

पोपटाचे फोन त्यानंतर आखूड झाले. "हं", "झालं", "बघतो". बिघडलं असेल काही म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही ताई, डावा गुडघा धरलाय. जिना चढताना कळ येते."

डावा गुडघा माझाही धरलेला आहे, चार पावसाळे झाले. मी म्हटलं, "तुझं वय आहे का रे गुडघे धरायचं?"

"कंटाळा आलाय," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

पुढचा पॅच मी हातानेच लावायचं ठरवलं आणि बस धरून नदीपलीकडे गेले. पंपघराच्या आवारात पोपटाची लाल मोटारसायकल नेहमी दाराशी आडवी लावलेली असते, त्यावरून माझं त्याच्याशी भांडणही झालंय. ती नव्हती. आत गेले. धाकटीची खोली आमच्या खोलीसारखीच आहे, तोच गार वारा, तीच घरघर. पोपट खुर्चीत बसला होता. खुर्चीचं एक चाक तुटलेलं, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. आमच्या खुर्चीलाही तसाच पुठ्ठा आहे, मीच लावलेला. म्हटलं असेल, कचेऱ्यांतल्या खुर्च्या सगळीकडे सारख्याच मोडतात. मग खाली नजर गेली. दारापासूनच्या फरशीला एक तडा गेला होता, वाकडातिकडा, शेवटी फाटा फुटलेला. हा तडा मी ओळखते. जुनं कपाट हलवताना आमच्या लोकांच्या हातून ते निसटलं, तेव्हाचा आहे तो. आमच्या खोलीतला.

"इथे काय पडलं रे?"

"कुठे? हे पहिल्यापासूनच आहे," पोपट म्हणाला.

त्याने चहा मागवला, बिनसाखरेचा, मी पिते तसा, दोघांना. एके काळी हा माणूस चहात साखर नाही, साखरेत चहा घालायचा. तो डावा गुडघा चोळत होता, अगदी मी चोळते तसा, अंगठ्याने, वाटीच्या खाली.

"गाडी कुठाय तुझी?" मी विचारलं.

"कुठली गाडी?"

"अरे लाल. जिच्यावरून तू सगळ्या आवाराचे शाप घेतोस ती."

तो माझ्याकडे बघत राहिला. थट्टा करतेय की काय, अशा नजरेने. "ताई, मला कुठे गाडी चालवता येते? मी बसने येतो. तुमच्यासारखाच."

कपाटावर ठकीची चित्रं होती. मला आठवत होती त्यापेक्षा कमी. बाकीच्या जागी चिकटपट्टीचे डागसुद्धा नव्हते. मी पॅच लावला नाही. परतीची बस धरली.

बसमध्ये मला ते कळलं. कळलं म्हणजे, मी मनातल्या मनात म्हटलं आणि मग कितीही झटकलं तरी ते जाईना. गुडघा, चहा, खुर्ची, कंटाळा: जे थोरलीकडे, म्हणजे माझ्या बाजूला, होतं ते धाकटीकडे, पोपटाकडे, जात होतं. लाल गाडी, गप्पा, चित्रं: जे थोरलीकडे नव्हतं ते तिकडून पुसलं जात होतं. काम मी बंद केलं होतं. पण कुणाला तरी ते फार आवडलं होतं आणि त्याने ते चालू ठेवलं होतं.

माझ्या घरी मूल नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोघींमधली जोडणीच तोडली, दोन्हीकडच्या वायरी काढायला लावल्या. साहेबांना म्हटलं, काहीतरी विचित्र चाललंय. सगळं सांगता येत नव्हतं, जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. साहेबांनी चष्मा वर केला. "तुलना काय म्हणते?"

"फरक नाही म्हणते."

"मग रडताय कशाला? सुट्टी हवीय का?"

पालथ्या घड्यावर पाणी. वायरी काढलेल्याच होत्या, आणि संध्याकाळी मेसेज आला.

त्यानंतर रोज मी काही ना काही निमित्त काढून पोपटाला फोन करायची आणि शेवटी विचारायची, ठकी कशी आहे? "बरी आहे." मग "बरी असेल." मग एकदा, "कोण... हां. बरी." बोलायचं कुणाशी? अप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मशीन बंद करून परत चालू कर." जगातले सगळे जण मला हेच सांगतात.

आणि मग त्या दुपारी मी फोन केला, तर पोपट घाईत होता. "ताई, आज लवकर निघतोय. अप्पांचं औषध आणायचंय. रात्रभर खोकत होते."

"कोणाचे अप्पा?"

"आमचे. माझे वडील." त्याचा आवाज अगदी थकलेला होता. मी तो आवाज ओळखत होते. "घरी आम्ही दोघंच ना, दुसरं कोण बघणार?"

पोपटाचे वडील तो कॉलेजात असताना वारले. मला माहीत आहे, कारण त्यांचं श्राद्ध म्हणून त्याने एकदा सुट्टी घेतली होती आणि मी कुरकुर केली होती.

"पोपट, ठकी कुठाय?"

"कोण ठकी?" तो म्हणाला. तो आठवायचा खरोखर प्रयत्न करत होता. ते जास्त वाईट होतं.

मी पर्स उचलली आणि तशीच निघाले.

शाळा पंपघराच्या मागच्या रस्त्यावर आहे. सुटून बराच वेळ झाला होता. शिपाई फाटक ओढून घेत होता. पायरीवर ठकी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. तिच्यापासून दोन पावलांवरून शिपाई गेला, पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"आत्या!" ती म्हणाली. "बाबा आले होते. इथूनच गेले. मी हाक मारली. त्यांनी बघितलं माझ्याकडे. आणि बसमध्ये चढले."

मी खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. गुडघ्याची कळ मस्तकात गेली. मी रडले, खोटं कशाला सांगू. तीही रडली. आणि रडता रडताच, इतक्या वर्षांच्या सवयीने, माझं डोकं चालायला लागलं.

धाकटीवर एखादी गोष्ट टिकवायची असेल तर ती धाकटीवर ठेवून भागत नाही. पुढच्या फेरीला ती पुसली जाते. ती थोरलीवर ठेवायची. मग ती धाकटीवर आपोआप जाते. हे मी नव्या लोकांना शिकवते, पहिल्याच दिवशी.

"चल," मी म्हटलं. "आज माझ्याकडे राहायचं."

"बाबांना विचारलंस?"

"हो."

ऊन उतरत होतं. मेसेज येतो ती वेळ जवळ आली होती. बस पुलाच्या तोंडाशी येऊन अडकली, पुढे कुणाचा तरी टेम्पो बंद पडला होता. मी खिडकीतून मान काढून ड्रायव्हरला ओरडले. मी अशी कधी ओरडत नाही. लोक बघायला लागले. माझ्याकडे. ठकीकडे कुणी नाही. कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं नव्हतं, तेव्हा मला वाटलं होतं लहान म्हणून सोडलं.

"आत्या, माझा हात झोपलाय."

मी तिचा हात धरलेलाच होता. तरी तो पुरता हातात येत नव्हता.

"कोणता गं?"

"दोन्ही. पाय पण."

मी तिला उचललं. सात वर्षांची पोर, मला उचलणार नाही असं वाटलं होतं. तिला वजनच नव्हतं. मी बसमधून उतरले आणि पुलावरून चालत सुटले. गाड्यांच्या मधून, गुडघा ओढत. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. मी तिला बोलत ठेवलं. शाळेत काय शिकवलं, कुणाशी भांडलीस. ती उत्तरं देत होती, पण आवाज लांबून येत होता.

पूल संपला. आमची गल्ली. जिना. मी दार ढकललं, तिला उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

फोन वाजला. मेसेज.

फरक नाही.

ठकी चपला काढत होती. तिच्या पायांचा आवाज येत होता, चांगला थपथप. "आत्या, भूक लागली," ती म्हणाली. मी भिंतीला टेकून हसायला लागले. आतून अप्पा म्हणाले, "कोण आलंय गं?"

मी तिला भात वाढला. ती समोर बसून जेवायला लागली, पुढचा हलणारा दात जपत, एका बाजूने चावत. इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आता पोपटाला ती आठवेल. उद्या त्याला बोलावून घेईन, समोर बसवून सांगेन. तो मला वेडी म्हणेल, म्हणू दे.

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"ताई!" आवाज मोठा, पूर्वीचा. "दुपारी तुम्ही काय विचारत होतात हो? ठकी कुठाय म्हणून? माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, अप्पांच्या खोकल्याने रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अहो, ठकी घरीच आहे. आत्ताच आली. ही काय समोर बसून भात खातेय."

मी ठकीकडे बघितलं. तिने घास तोंडात घातला.

फोनमधून ताटावर चमचा वाजल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी म्हातारं माणूस विचारत होतं, "कोण आलंय?"

"ताई? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं.

"बाबांचा फोन?" ठकी म्हणाली. "मला न्यायला येतायत?"

"कोण बोललं हो तिकडे?" पोपट म्हणाला.

"कुणी नाही. टीव्ही."

ठकी खायची थांबली. तिने तोंडात बोट घातलं, तोंड वाकडं केलं, आणि बोट बाहेर काढलं. माझ्याजवळ आली आणि तिचा दात माझ्या तळहातावर ठेवला. इवलासा, पांढरा, मुळाशी रक्त.

"अरेच्चा," फोनमध्ये पोपट म्हणाला. "हिचा दात पडला वाटतं. थांबा हां." ताट सरकवल्याचा आवाज. पाट उचलल्याचा. तो कुठेतरी वाकून शोधत होता. "रक्त आलंय, पण दात कुठे गेला? तोंडात नाही, ताटात नाही. गंमतच आहे."

मी मूठ मिटली.

"आत्या," ठकी म्हणाली, "हा दात बाबांना दाखवायचाय. मला घरी कधी सोडणार?"

"उद्या," मी म्हटलं. इकडे नसेल ते तिकडेही राहत नाही.

ती अजून रोज विचारते.